इंग्रजी येते कशी? परभाषा-शिक्षणावरील संशोधन आणि आपले विद्यार्थी

दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांचे सत्कार होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी सभागृहाच्या मागच्या रांगेत काही मुले गप्प बसलेली असतात. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी मात्र राहिले, अशी ही मुले आहेत. त्यांपैकी काही पुन्हा परीक्षेला बसतात, काही बसत नाहीत. जी बसत नाहीत त्यांचे शिक्षण एका विषयापायी थांबते. जी पुढे जातात, त्यांच्यातील कित्येकांना महाविद्यालयात पहिल्याच वर्षी जाड इंग्रजी पुस्तके पाहून धडकी भरते. 'आपल्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही' असा समज ती मुले स्वतःविषयी करून घेतात, आणि हा समज नापास होण्यापेक्षाही अधिक नुकसान करतो.

आम्हांस या लेखात एवढेच मांडावयाचे आहे की परभाषा कशी येते, का येत नाही, यावर गेल्या शंभर वर्षांत जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो अभ्यास काय सांगतो, हे पालकांनी, विद्यार्थ्यांनी आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले, तर बराच पैसा, बरीच वर्षे आणि बरेचसे रडणे वाचेल.

दुसरी भाषा की परकी भाषा?

अभ्यासक प्रथम एक भेद करतात. जी भाषा घरची नसली तरी रस्त्यावर, बाजारात, कचेरीत रोज कानांवर पडते, ती 'दुसरी भाषा'. जी केवळ वर्गाच्या चार भिंतींत भेटते आणि तास संपला की नाहीशी होते, ती 'परकी भाषा'. हिंदुस्थानात इंग्रजी ही दुसरी भाषा मानली जाते. न्यायालय, विद्यापीठ, बँक यांचा कारभार पाहता ते खरेही आहे. परंतु एखाद्या तांड्यावरच्या, वाडीवरच्या किंवा मजूर वस्तीतल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याला दिवसभरात इंग्रजीचे एक सलग वाक्यही ऐकू येत नाही. कागदोपत्री त्याची ती दुसरी भाषा असेल, व्यवहारात ती परकीच आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाशी त्याची तुलना करून त्याला मंद ठरविणे हा अन्याय आहे. दोघांच्या बुद्धीत अंतर नाही. अंतर आहे ते कानांवर आणि डोळ्यांसमोर आलेल्या भाषेच्या साठ्यात.

मातृभाषा हा अडसर नव्हे

सन १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनाविषयी एक परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, शिक्षक जन्माने इंग्रजी भाषक असलेला उत्तम, जितक्या लहानपणी आरंभ तितके बरे, जितकी जास्त इंग्रजी तितके बरे, आणि इतर भाषांचा वापर झाला तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशी पाच सूत्रे त्या काळी सर्वमान्य होती. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने आपल्या ग्रंथात या पाचही सूत्रांना 'भ्रम' म्हटले. आपल्याकडे मात्र ही सूत्रे अजून शाळांच्या जाहिरातींतून जिवंत आहेत.

कॅनडातील जिम कमिन्स यांनी या विषयावर फार उपयोगी विचार मांडला आहे. त्यांच्या मते वाचलेल्याचा अर्थ लावणे, कारण शोधणे, मुद्दा मांडणे ही कौशल्ये एका भाषेत कमावली की ती दुसऱ्या भाषेतही कामी येतात. जो मुलगा मराठी उतारा वाचून त्याचा सारांश सांगू शकतो, त्याला इंग्रजीत केवळ शब्द आणि रचना शिकाव्या लागतात. सारांश म्हणजे काय, हे नव्याने शिकावे लागत नाही. उलट ज्याची मराठीही कच्ची राहिली, त्याला दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात.

कमिन्स यांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कॅनडात बाहेरून आलेली मुले सुमारे दोन वर्षांत बोलण्यापुरती इंग्रजी आत्मसात करीत. परंतु अभ्यासाच्या पुस्तकी इंग्रजीत आपल्या वयाच्या स्थानिक मुलांची बरोबरी करण्यास त्यांना पाच ते सात वर्षे लागत. आणि त्या मुलांच्या भोवती तर चोवीस तास इंग्रजी होती! आपला मुलगा पाहुण्यांसमोर 'गुड मॉर्निंग' म्हणतो, कविता म्हणून दाखवितो, म्हणून त्याला विज्ञानाचा धडा इंग्रजीतून कळतो, असे समजणाऱ्या पालकांनी या निष्कर्षाचा शांतपणे विचार करावा.

'लवकर आरंभ' या सूत्राचीही परीक्षा झाली आहे. महाराष्ट्रात पूर्वी पाचवीपासून इंग्रजी होती. सन २००० पासून ती पहिलीपासून सुरू झाली. स्पेनमधील बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची अनेक वर्षे तुलना केली. या अभ्यासाचा ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील तास सारखे झाल्यावर कोण पुढे होते? उशिरा सुरू केलेली मुले! याचा अर्थ पहिलीतील इंग्रजी वाईट, असा नाही. अर्थ एवढाच, की आठवड्यातील मोजक्या तासांत लहान वयाचा म्हणून काही जादूसारखा लाभ होत नाही. म्हणून पाचवी-सहावीतल्या, किंबहुना कॉलेजमधल्या विद्यार्थ्यानेही 'आता आपली वेळ गेली' असे मानण्याचे कारण नाही.

येथे विनयपिटकातील चुल्लवग्गाचे स्मरण होते. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघा भिक्खू बंधूंनी तथागतांकडे तक्रार केली, की नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवितात, तरी ते छंदस् भाषेत बांधून टाकावे. भगवंतांनी ती सूचना नाकारली. त्यांच्या शब्दांचा अर्थ लावण्यात अट्ठकथाकारांचे आणि आधुनिक पंडितांचे मतभेद असले, तरी ज्ञानाला मूठभरांच्या भाषेत कोंडण्यास त्यांनी नकार दिला, यात शंका नाही. मातृभाषेतून समजून घेणे हा कमीपणा नव्हे. इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने एखादा अवघड शब्द मराठीत सांगितला, तर त्यात वेळ वाचतो आणि अर्थ पक्का होतो. मात्र सगळा तासच मराठीत झाला, तर मुलाला मिळणारी ती थोडीशी इंग्रजीही हातची जाते. हा तोल शिक्षकाने सांभाळावा.

शब्दांची पुंजी

इंग्रजी कळण्यास किती शब्द यावे लागतात? न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी याचा हिशेब केला आहे. एका मूळ शब्दापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल धरले, तर सर्वांत जास्त वापरातली सुमारे २००० शब्दकुले सामान्य लिखाणातील दहापैकी आठ शब्द व्यापतात. मात्र कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचावयाचे, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असे त्यांनी २००६ मध्ये दाखविले.

या आकड्यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा की पहिले दोन हजार शब्द सोन्याच्या मोलाचे आहेत. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यानंतरही तशा याद्या झाल्या. विद्यार्थ्याने दुर्मिळ आणि भारदस्त शब्द पाठ करीत बसण्यापेक्षा हे शब्द आधी पक्के करावेत. दुसरा धडा असा की पुढचे हजारो शब्द कोणताही शिक्षक फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही. ते वाचनातूनच येतात.

आपल्या मुलांजवळ थोडी पुंजी आधीपासूनच आहे. टेबल, स्टेशन, रेशन, तिकीट, डॉक्टर, मोटार असे शेकडो इंग्रजी शब्द निरक्षर आजीच्या तोंडीही आहेत. मात्र त्यांत सावधही राहावे लागते. मराठीत 'हॉटेल' म्हणजे चहा-नाश्त्याची जागा, तर इंग्रजीत मुक्कामाची. मराठीत 'क्लास लावला' म्हणजे खाजगी शिकवणी लावली, इंग्रजीत 'क्लास' म्हणजे शाळेतला वर्ग. असे शब्द जमवून त्यांचे मराठी आणि इंग्रजी अर्थ शेजारीशेजारी मांडणे हा मुलांसाठी मनोरंजक आणि उपयुक्त खेळ होऊ शकतो.

फिजी बेटांतील पुस्तकांचा पूर

वाचनाचा परिणाम किती होतो, याचे एक उदाहरण पॅसिफिक महासागरातील फिजी देशाचे आहे. तेथील खेड्यांतील मुलांची घरची भाषा निराळी आणि शाळेत इंग्रजी. शाळांतून गोष्टींची पुस्तके जवळजवळ नव्हतीच. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी आठ ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीच्या ३८० मुलांना भरपूर चित्रे असलेली, मुलांना आवडतील अशी सुमारे २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तके वर्गात उपलब्ध करून दिली. काही वर्गांत शिक्षक मोठ्या आकाराचे पुस्तक हाती धरून मुलांबरोबर वाचीत, त्यावर बोलत. काही वर्गांत मुले रोज थोडा वेळ आपापली मनात वाचीत. इतर शाळांत नेहमीचे पाठ्यपुस्तक आणि वाक्यरचनांचा सराव चालू राहिला.

आठ महिन्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचन आणि श्रवण यांत पुस्तकवाल्या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाल्याचे आढळले. वीस महिन्यांनी हा लाभ आणखी वाढला आणि इतर कौशल्यांतही उतरला. हा अहवाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'पुस्तकांचा पूर' या नावाने जगभर गाजला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की तेथे ना यंत्रे होती, ना परदेशी शिक्षक. होती ती पुस्तके, नेहमीचेच शिक्षक आणि रोजचा ठराविक वेळ.

आमच्या मते आपल्यासारख्या संस्थेला यापेक्षा मोठा आधार दुसरा नाही. एका मुलाच्या महागड्या शिकवणीवर वर्षभर होणाऱ्या खर्चात अनेक मुलांना पुरेल एवढी पुस्तकांची पेटी उभी राहते, आणि ती पेटी पुढच्या वर्षीही शिल्लक असते.

बंगलोरचा प्रयोग

परभाषा-शिक्षणातील एक जगप्रसिद्ध प्रयोग आपल्याच देशात झाला, हे फारच थोड्यांस ठाऊक आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही साध्या शाळांतून तो केला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकविण्याचे त्यांनी सोडून दिले. त्याऐवजी मुलांना इंग्रजीतून डोके चालवावे लागेल अशी कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, नकाशावरून वाट सांगा, अशा प्रकारची ती कामे होती. शिक्षक आधी तसेच एक काम सर्व वर्गाबरोबर तोंडी सोडवीत, मग मुले दुसरे काम स्वतंत्रपणे करीत. गुण उत्तर बरोबर आले की नाही यावर मिळत, वाक्य निर्दोष होते की नाही यावर नव्हे.

यामागचा विचार असा होता की मन अर्थात गुंतले म्हणजे भाषा नकळत मुरते. पुढे बेरेटा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये याची तपासणी केली. प्रयोगातील मुले कामांच्या परीक्षेत पुढे होती, जुन्या पद्धतीने शिकलेली मुले रचनांच्या परीक्षेत पुढे होती, आणि ज्या परीक्षा कोणत्याच पद्धतीच्या बाजूने झुकलेल्या नव्हत्या, त्यांत एकंदरीत प्रयोगातील मुले सरस ठरली. म्हणजे नियमांची घोकंपट्टी न करताही भाषा येते. मात्र ज्याचा सराव करावा तेच अधिक पक्के होते, हेही तितकेच खरे. ज्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत व्याकरणाचे प्रश्न सोडवावयाचे आहेत, त्याने व्याकरणाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

नुसते ऐकणे-वाचणे पुरेसे आहे काय? अमेरिकेतील स्टीफन क्रॅशन यांचे मत असे की समजेल अशी, पण आपल्या पातळीहून किंचित वरची भाषा भरपूर मिळाली की ती आपोआप येते. कॅनडातील मेरिल स्वेन यांना तेथील फ्रेंच माध्यमात शिकणारी इंग्रजी भाषक मुले पाहून वेगळे दिसले. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज उत्तम झाली होती, बोलण्या-लिहिण्यात मात्र चुका राहून गेल्या होत्या. म्हणून १९८५ मध्ये त्यांनी प्रतिपादन केले की बोलण्याची आणि लिहिण्याची सक्तीची वेळ आली म्हणजेच आपल्याला काय येत नाही ते कळते. विहिरीच्या काठावर बसून पोहणे येत नाही, हे आपल्याकडे कोणालाही पटेल.

चूक म्हणजे गुन्हा नव्हे

पूर्वी विद्यार्थ्याच्या चुकीला आळस किंवा वाईट सवय समजत. सन १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी एका निबंधात सांगितले की चूक हा विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे याचा पुरावा आहे. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि परभाषा यांच्या मधल्या टप्प्यावरील भाषेची कल्पना मांडली. विद्यार्थी त्या वेळी जी भाषा बोलतो तिला तिचे स्वतःचे नियम असतात आणि ते नियम हळूहळू बदलत जातात.

आपल्या मुलांच्या चुका याच नजरेने पाहाव्यात. मराठीत 'ए', 'अॅन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीत दोन्ही आधी येतात, म्हणून वाक्याची घडी विस्कटते. 'मला माहीत आहे' यातील 'आहे' डोक्यात राहिल्यामुळे 'आय अॅम नो' असे तोंडून निघते. देवनागरीत लिहावे तसे वाचावे, इंग्रजीत मात्र बी-यू-टी 'बट' आणि पी-यू-टी 'पुट'. याला मूर्खपणा म्हणता येत नाही. मूल एका भाषेचे ज्ञान दुसरीला लावून पाहते, एवढेच. काही चुका तर कोणत्याही मातृभाषेची मुले करतात. ड्युले आणि बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांची इंग्रजी तपासली, तेव्हा इंग्रजी प्रत्यय अंगवळणी पडण्याचा त्यांचा क्रम जवळजवळ सारखाच आढळला.

मग चूक दुरुस्त करावी की नाही? करावी, पण कशी, यालाही महत्त्व आहे. लिस्टर आणि रांटा यांनी कॅनडातील वर्गांत सुमारे अठरा तासांचे अध्यापन नोंदवून १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे चुकलेले वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत आणि पुढे जात. या पद्धतीला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी होता. उलट शिक्षकांनी थांबून, सूचक प्रश्न विचारून बरोबर रूप विद्यार्थ्याच्याच तोंडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा प्रतिसाद कितीतरी अधिक मिळाला. त्यासाठी शिक्षकाजवळ धीर हवा आणि वर्गातील इतरांनी हसता कामा नये.

हसण्याचा मुद्दा क्षुल्लक नाही. हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्या आधारे पुढे अनेक देशांत अभ्यास झाले आणि भीती जितकी अधिक तितकी कामगिरी कमी, असा संबंध वारंवार दिसला. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीबाहेर बसविले गेले, त्यांच्या नातवंडांना वर्गात उभे राहून परकी भाषा बोलताना काय वाटत असेल, हे आपल्याला मोजपट्टीवाचूनही कळते. निदान आपल्या अभ्यासिकेत तरी चुकलेल्या इंग्रजीला कोणी हसणार नाही, हा नियम असावा.

लक्षात कसे राहते?

जर्मनीतील हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की पाठ केलेले सुरुवातीस झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीहून सरस ठरते. परभाषेच्या शब्दांवर याचा दीर्घ प्रयोग बाहरिक नावाच्या एका कुटुंबाने केला. आई, वडील आणि दोन मुली असे चौघे संशोधक स्वतःच शब्द शिकत राहिले, आणि नंतरच्या पाच वर्षांपर्यंत किती शब्द आठवतात ते तपासत राहिले. त्यांना १९९३ मध्ये असे सांगता आले की ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या. निम्म्या श्रमात तेवढेच फळ!

दुसरी गोष्ट स्वतःची परीक्षा घेण्याची. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द अर्थांसह शिकविले. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांनी पुनःपुन्हा आठवून पाहण्याचा सराव चालू ठेवला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी तो सराव सोडून नुसते वाचत राहणे पसंत केले त्यांना जेमतेम ३५ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला किती आठवेल याविषयी दोघांचा अंदाज सारखाच होता. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वही उघडी ठेवून दहा वेळा वाचण्यापेक्षा वही मिटून तीनदा आठवून पाहा. आज शिकलेला शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने स्वतःला विचारा.

आपल्या संस्थेने काय करावे?

मायकेल वेस्ट यांचा वर उल्लेख आला. ते ढाक्यात शिक्षणाधिकारी होते. बंगालमधील मुलांच्या इंग्रजीवर त्यांनी १९२६ मध्ये अहवाल लिहिला. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: सर्व मुले काही शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचत नाहीत, मग मध्येच शाळा सोडणाऱ्याच्या पदरी काय पडते? विम्याची पॉलिसी मध्येच बंद केली तरी काही रक्कम हाती येते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. शिक्षणालाही असे मूल्य हवे, असे वेस्ट म्हणत. दोन वर्षे इंग्रजी शिकून ज्याला एकही सोपे पुस्तक वाचता येत नाही, त्याची ती दोन वर्षे बुडीत खात्यात गेली. म्हणून वाचन आधी, असे त्यांचे मत होते. शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून तसाच उभा आहे.

पॉल नेशन यांनी २००७ मध्ये अभ्यासाच्या वेळेचे चार सारखे भाग सुचविले आहेत. अर्थ समजून घेत ऐकणे-वाचणे हा पहिला. अर्थ पोहोचविण्यासाठी बोलणे-लिहिणे हा दुसरा. शब्द, उच्चार आणि व्याकरण यांचा नेमका अभ्यास हा तिसरा. आणि येत असलेल्या भाषेचा वेग वाढविणे हा चौथा. आपल्या शाळांतून आणि शिकवण्यांतून बहुतेक वेळ तिसऱ्या भागावरच जातो. या आधारे विहारातील किंवा समाजमंदिरातील अभ्यासिकेसाठी रोज एक तासाची आखणी सहज करता येईल:

१) पंधरा मिनिटे सोप्या गोष्टींचे वाचन. पुस्तक असे असावे की पानावर दोन-तीनच शब्द अडतील. बारावीचा विद्यार्थी चौथीच्या पातळीचे पुस्तक वाचत असेल तरी त्यात लाज नाही.

२) पंधरा मिनिटे जोडीने बोलणे किंवा पाच वाक्ये लिहिणे. विषय घरचा, कामाचा, वस्तीचा असावा.

३) पंधरा मिनिटे शब्दांची उजळणी आणि व्याकरणातील एकच मुद्दा. शब्द आठवून सांगावयाचे, पाहून नव्हे.

४) पंधरा मिनिटे आधी वाचलेलेच पुन्हा, पण अधिक वेगाने वाचणे.

यासाठी इंग्रजीचा पंडित लागत नाही. पदवीच्या वर्गातील ताई-दादा दहावीच्या मुलांना बसवू शकतात, आणि शिकविताना त्यांचीही इंग्रजी सुधारते. संस्थेने प्रथम पुस्तकांची पेटी करावी, सत्कारात पुष्पगुच्छाऐवजी त्या पेटीसाठी पुस्तक घ्यावे, आणि पेटी दर तीन महिन्यांनी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत फिरवावी. पालकांनी कर्ज काढून मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्यापूर्वी तेथे शिकविणाऱ्यास स्वतःला इंग्रजी किती येते, मुलाला घरी मदत कोण करणार आणि तेथे वाचावयास पुस्तके आहेत काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील, तर चांगली मराठी शाळा आणि सायंकाळची अभ्यासिका हा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

दोन्ही भाषांचा वारसा

प. पू. डॉ. बाबासाहेबांच्या बालपणी सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. पुस्तकांसाठी रामजींनी आपल्या लेकींकडून उसने पैसे घेतले, प्रसंगी दागिने गहाण ठेविले. जुनी पद्धत होती, पण तिच्या मागे घरात पुस्तक होते, रोजचा नेम होता आणि मुलगा शिकेलच हा बापाचा विश्वास होता. आजचे संशोधनही भरपूर वाचन, नियमित उजळणी आणि निर्भय मन यांचेच महत्त्व सांगते.

दादा केळुसकर यांनी बाबासाहेबांना भेट दिलेले बुद्धचरित्र मराठीत होते. पुढे १९५७ मध्ये त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' इंग्रजीत आहे. जगाशी वाद घालताना त्यांनी इंग्रजी वापरली. आपल्या माणसांना जागे करण्यासाठी १९२० मध्ये 'मूकनायक' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत काढली. एक भाषा घेण्यासाठी त्यांनी दुसरी टाकली नाही.

इंग्रजी ही कोणत्याही जातीची किंवा वर्गाची मिरास नाही, आणि ती बुद्धीची कसोटीही नाही. ती सरावाने, वाचनाने आणि योग्य पद्धतीने येणारी गोष्ट आहे. मागच्या रांगेत गप्प बसलेल्या त्या मुलाला हे कोणीतरी जवळ बसून सांगितले पाहिजे, आणि सांगताना त्याच्या हाती एक सोपे पुस्तक ठेवले पाहिजे. ते काम आपले आहे.

जयभीम!